मास्तरकीचा परवाना कोणासाठी?



जिल्ह्याच्या बैठकीपुढे या खेपेला दोन तालुक्यांकडून एक ठराव आला आहे. मजकूर थोडक्यात असा : प्राथमिक शिक्षकांची पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, रद्द करावी आणि डी.एड. झालेल्या शेतकऱ्यांच्या सर्व पोरापोरींना सरकारने विनाअट नोकरी द्यावी. ठरावाखाली सह्या पुष्कळ आहेत. सह्या करणारे आपलेच लोक आहेत. मोर्चात पुढे चालणारे, लाठी खाल्लेले. तरीही आम्ही या ठरावावर सही केलेली नाही. का केली नाही, ते बैठकीच्या गर्दीत दोन मिनिटांत सांगण्यासारखे नाही. म्हणून इथे सविस्तर मांडतो आहोत. वाचा, गावात चार जणांना वाचून दाखवा, आणि मग बैठकीला या. पटले नाही तर तिथे तोंडावर सांगा.

पहिली गोष्ट, ठरावामागचे दुःख खरे आहे. त्याबद्दल वाद नाही.

शेतकऱ्याच्या घरात डी.एड. आले कुठून? (कागदोपत्री आता त्याचे नाव डी.एल.एड. झाले आहे, गावात अजून डी.एड.च म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.) शिक्षणाच्या प्रेमातून आले असे म्हटले तर ते खोटे ठरेल. ते आले शेतीच्या तोट्यातून. चार एकर कोरडवाहूत दोन भावांचे भागणार नाही हे बापाला दिसत होते. इंजिनिअरिंग, डॉक्टरी आवाक्याबाहेरची. बारावीनंतर दोन वर्षांत पुरा होणारा, तालुक्याच्या गावी राहून मिळणारा आणि थेट जिल्हा परिषदेच्या पगारपत्रकावर नेऊन ठेवणारा असा एकच कागद त्याला ठाऊक होता. मुलींच्या बाबतीत तर तो आणखी मोलाचा. पोरीला पुण्या-मुंबईला न पाठवणारा बाप तिला तालुक्याच्या अध्यापक विद्यालयात मात्र पाठवत होता. एक काळ असा होता की सोयरीक जुळवताना 'मुलगी डी.एड. आहे' या तीन शब्दांवर हुंड्याची बोलणी खाली येत. चळवळीला हा हिशोब आवडो न आवडो, घराघरात तो होत होता.

मग कोणी एकर विकला, कोणी बैलजोडी मोडली, कोणी सोसायटीचे पीककर्ज उचलून ते फीमध्ये भरले. पोरगा पास झाला. आज तो पस्तीस-चाळिशीला आला आहे. खताच्या दुकानात हिशोब लिहितो, पतपेढीची पिग्मी गोळा करतो, नाहीतर बापाच्याच शेतात राबतो आणि कोणी विचारले तर 'तयारी चालू आहे' म्हणतो. पोरगी सासरी खुरपायला जाते. सर्टिफिकेट लोखंडी पेटीत सातबाऱ्याशेजारी ठेवलेले आहे.

हे असे का झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. नाहीतर आपण चुकीच्या दारावर धडक मारू.

आपल्या आजोबांच्या काळी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस मास्तर होई. पुढे पी.टी.सी. आली, मग डी.एड. आले. यात गैर काही नाही. शिकवणे हे कसब आहे आणि कसब शिकावे लागते. गैर सुरू झाले ते सरकारने डी.एड.ची विद्यालये खिरापतीसारखी वाटली तेव्हा. नवे शतक उजाडल्यावर दहा वर्षांत राज्यात अशी विद्यालये हजारावर गेली. ती कोणाला मिळाली ते सांगायला नको. साखर कारखाना ज्यांचा, दूध संघ ज्यांचा, त्यांच्याच आवारात डी.एड.चीही पाटी लागली. जिल्हा परिषदेला दरसाल मास्तर किती लागणार, निवृत्त किती होणार, पट वाढतो आहे की घटतो आहे, हा हिशोब एका कारकुनाने एका दिवसात मांडला असता. तो मांडला गेला नाही, कारण मांडला असता तर दुकाने उघडता आली नसती.

कापूसवाल्या भावांना ही गोष्ट चटकन कळेल. १९७२ साली या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. दुसऱ्या कोणाला कापूस विकायचा नाही, सरकारलाच घालायचा. भावाची लूट झाली, ग्रेडरने नाडले, चुकारा महिनोन् महिने मिळाला नाही, गाड्या केंद्राबाहेर रात्र रात्र उभ्या राहिल्या. पण एक होते : आलेला कापूस सरकारला घ्यावा लागत होता. डी.एड.च्या पोरांचे गिऱ्हाईकही जवळजवळ एकच, जिल्हा परिषद. खाजगी संस्थेत लागायचे तर लाखांचे बोलणे, ते बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे. इथे सरकारने पेरा करायला लावला, प्रत ठरवायचा अधिकार स्वतःकडे ठेवला आणि खरेदीची हमी मात्र कधीच दिली नाही. माल साठला तेव्हा केंद्राच्या दाराला कुलूप लावले आणि बाहेर पाटी लावली की आधी प्रत पुन्हा तपासून आणा.

वर्षे सांगतो, म्हणजे कोणाला अतिशयोक्ती वाटायला नको. २०१० साली डी.एड. झालेल्यांची सीईटी झाली आणि त्यातून भरती झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर पटपडताळणी केली. शाळाशाळांतून खोटी मुले निघाली. हजेरीपटावर नाव आहे, बाकावर पोर नाही. शिक्षक अतिरिक्त ठरले आणि मे २०१२ मध्ये भरतीच थांबली. खोटे पट लिहिणारे संस्थाचालक पुढच्या निवडणुकीला उभे राहिले. दंड भरला तो ज्याने अजून एका दिवसाचा पगारही घेतला नव्हता अशा पोराने. डिसेंबर २०१३ मध्ये पहिली महाराष्ट्र टीईटी झाली. डिसेंबर २०१७ मध्ये तिच्या जोडीला आणखी एक परीक्षा आली, शिक्षक अभियोग्यता चाचणी, आणि भरतीसाठी 'पवित्र' नावाचे पोर्टल आले. पहिली चाचणी २०१७ ला, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. पहिल्या दोहोंत पाच वर्षांचे अंतर. पंचविशीतला पोरगा या पाच वर्षांत तिशीला पोचतो आणि त्याचे वय काही कोणत्या पोर्टलवर थांबून राहत नाही.

टीईटीचेही तेच. ही परीक्षा वर्षातून निदान एकदा घ्यावी असे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिले आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ नंतरची परीक्षा झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. शेतकऱ्याने कर्जाचा हप्ता तीन वर्षे चुकवला तर बँक दारात जप्ती घेऊन येते. सरकारने परीक्षा तीन वर्षे चुकवली तर दाद कोणाकडे मागायची?

आणि परीक्षा घेतली तेव्हा काय झाले, तेही आठवा. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीत नापासांना पैसे घेऊन पास केल्याचे पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीला आणले. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. पुढे २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांची नावे अपात्र म्हणून जाहीर झाली. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्यातही शेतकऱ्यांची पोरे असतील. पण ज्याने रात्री जागून नव्वदऐवजी अठ्ठ्याऐंशी गुण मिळवले आणि नापास झाला, त्याच्या बापाला काय वाटले असेल?

आता पगाराचे. २००० साली राज्यात शिक्षणसेवक योजना आली. म्हणजे नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ते ६,००० झाले, आणि २०२३ मध्ये १६,०००. आपल्या पद्धतीने हिशोब करू. नियमित प्राथमिक शिक्षकाचे सातव्या आयोगातले सुरुवातीचे मूळ वेतन २९,२०० रुपये. शिक्षणसेवकाला १६,०००. फरक महिना १३,२०० रुपयांचा; छत्तीस महिन्यांचे झाले ४ लाख ७५ हजार २०० रुपये. महागाई भत्ता आणि घरभाडे यात धरलेले नाही. काम तेच, वर्ग तोच, मुले तीच. शेतकऱ्याकडून लेव्ही घेत होते, तशी ही त्याच्या पोराकडून घेतलेली लेव्ही आहे. यावर कळस म्हणजे जुलै २०२३ मध्ये सरकारने निर्णय काढला की जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना तात्पुरते नेमावे, महिना २०,००० रुपये देऊन. ज्याला पेन्शन आहे त्याला वीस हजार, आणि जो पंधरा वर्षे दारात उभा आहे त्याची नेमणूक झालीच तर सोळा हजार!

एवढे सगळे मान्य करूनही आम्ही त्या ठरावावर सही का केली नाही?

कारण ठरावात शाळेचा उल्लेख नाही. एका ओळीतही नाही. टीईटी आहे, नोकरी आहे, वयोमर्यादा आहे, शेतकरीपुत्र आहे. ज्या पोरांना शिकवायचे ती पोरे कुठेच नाहीत. आणि ती पोरे कोणाची? गावातल्या ज्याला जमते त्याने आपले पोर केव्हाच तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरली आहेत ती अल्पभूधारकाची, मजुराची, ऊसतोडीला जाणाऱ्याची, पारधी वस्तीवरची आणि तांड्यावरची पोरे. डी.एड. झालेला थोरला भाऊ आणि चौथीत असून वाचता न येणारी धाकट्याची पोर एकाच घरात आहेत. चळवळीने फक्त थोरल्याचे गाऱ्हाणे मांडायचे आणि पोरीचे गिळून टाकायचे, हे आम्हाला मान्य नाही.

मोठ्या वर्गाला शिकवण्यापेक्षा लहानांना शिकवणे सोपे, असा एक समज आपल्यातही आहे. एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीतल्या पोराला बावन्नातून सत्तावीस वजा करायला सांगितले. त्याने उत्तर लिहिले पस्तीस. शेजारचा एम.ए. झालेला काका म्हणेल, चूक, ढ आहे. पण ते पोर ढ नाही. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढायचे एवढे त्याला कळले आहे आणि ते त्याने इमानाने केले आहे. दशकातला एक सोडवून त्याचे दहा सुटे करायचे, ही गोष्ट त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली नाही. ज्याला कसब येते तो मास्तर त्याला ओरडत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, यातल्या सत्तावीस मला दे. पोर सुट्या काड्या शोधते, पुरत नाहीत, थोडा वेळ घुटमळते आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचा दोरा सोडते. तिथे गणित कळते. हे चाळीस पोरांच्या वर्गात, दोन इयत्ता एकत्र बसलेल्या असताना, आणि निम्म्या पोरांची घरची बोली बंजारा, गोंडी, कोरकू किंवा अहिराणी असताना करायचे असते. याला कसब नाही तर काय म्हणायचे?

म्हणूनच ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचे शिक्षक म्हणून पात्र धरता येणार नाही असे सांगितले, तेव्हा आम्हाला तो निकाल योग्य वाटला. बी.एड. मोठ्या पोरांसाठी, डी.एड. लहानांसाठी, पदवी मोठी म्हणून कसब मोठे असे होत नाही. नांगर ओढायला उंची घोडा नेऊन चालत नाही. हा निकाल डी.एड.वाल्यांच्या बाजूचा होता आणि त्याचे पेढे ठराव मांडणाऱ्या मित्रांनीही वाटले होते. पण ज्या तर्काने तो निकाल लागला, तोच तर्क आहे की लहानांच्या मास्तराला आपले कसब दाखवता आले पाहिजे. अर्धा तर्क घ्यायचा आणि अर्धा फेकायचा, असे करता येणार नाही.

आणखी एक प्रश्न आमच्यातले जुने कार्यकर्ते विचारतील. आपण परवाना-राजच्या विरोधातले लोक. कोणी काय पेरावे, कुठे विकावे, याचे परवाने नकोत म्हणतो. मग मास्तरकीच्या परवान्याची बाजू कशी घेता? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, बियाणे खराब निघाले तर आठ दिवसांत शेतात दिसते आणि पुढच्या वर्षी तो दुकानदार आपण बदलतो. मास्तर खराब निघाला तर ते चार वर्षांनी कळते आणि गेलेली चार वर्षे कोणतेच दुकान परत करत नाही. शिवाय इथले गिऱ्हाईक सहा वर्षांचे आहे. त्याच्या वतीने कोणीतरी आधी पारखून घ्यावे, यात आम्हाला गुलामी दिसत नाही. फक्त परवाना देणाऱ्याने खरेच काही पारखले पाहिजे.

इथे मात्र आमचे टीईटीशी भांडण आहे. दीडशे प्रश्न, प्रत्येकी एक गुण, चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा. बालमानसशास्त्र तीस, दोन भाषा तीस-तीस, गणित तीस, परिसर अभ्यास तीस. साठ टक्के मिळाले की पास, राखीव वर्गांना थोडी सवलत. या गोलांतून एवढे कळते की उमेदवाराला पाचवीचे गणित आणि शुद्धलेखन येते की नाही. ते कळणेही काही कमी महत्त्वाचे नाही. आणि दर वेळी पास होणाऱ्यांचे प्रमाण इतके तुटपुंजे असते की ठराव मांडणाऱ्यांनी त्यावरही रात्रभर विचार करावा. दोन वर्षांचे शिक्षण घेऊन पाचवीच्या तोडीच्या गणितात माणूस अडत असेल, तर ती दोन वर्षे त्या विद्यालयात काय चालले होते? सराव पाठ वहीत झाले, हजेरी रजिस्टरात झाली, टाचणे मागच्या वर्षीच्या पोराची उतरवून काढली. फी तेवढी रोख झाली. ठरावात या विद्यालयांना एका शब्दाने जाब विचारलेला नाही. का? तर त्यातले काही संस्थाचालक आपल्याला मांडव आणि ट्रॅक्टर पुरवतात म्हणून, असे कोणी म्हटले तर आपल्याकडे काय उत्तर आहे?

पण काड्यांचा गठ्ठा पोराकडून सोडवून घेण्याची हातोटी गोल काळे करून कळत नाही. ती वर्गात बसूनच कळते. वस्तीशाळांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २००० नंतरच्या वर्षांत, जिथे शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर गावातलेच शिकलेले पोर नाममात्र मानधनावर शिकवू लागले. निमशिक्षक म्हणत त्यांना. आधी शिकवले, मग नोकरीत राहून डी.एड. केले, आणि २०१४ मध्ये त्यांना जिल्हा परिषदेच्या सेवेत घेतले गेले. त्यातले सगळे उत्तम होते असे आम्ही म्हणत नाही. पण त्या वस्तीला माहीत होते की हा पोरगा पावसातही येतो की येत नाही. परवाना द्यायचा तर त्यात हीही पारख हवी. डी.एड.चे शेवटचे सहा महिने चांगल्या मास्तराच्या हाताखाली खेड्यातल्या शाळेत काढावेत, त्याचे शिकवणे परक्या शाळेच्या मुख्याध्यापकाने येऊन पाहावे आणि त्याचे गुण लेखी परीक्षेच्या बरोबरीने धरावेत.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, ते या निमित्ताने आपल्या लोकांनी वाचायला हवे. खेड्यातली रयत सारा आणि लोकल फंडाची पट्टी भरते, आणि त्या पैशांचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, असे त्यांनी बजावून सांगितले. आपण भावाच्या प्रश्नात जे मांडतो, त्याच जातीचा हिशोब तो. पण त्याच निवेदनात मास्तरांबद्दलही आहे. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाजणार नाहीत असे असावेत, ते प्रशिक्षित असावेत, आणि त्यांना बारा रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, मोठ्या गावी पंधरा-वीस द्यावा, असे त्यांनी सुचवले होते. लक्षात घ्या, शेतकऱ्याचा पोर हवा आणि शिकून तयार झालेला हवा, या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. शेतकऱ्याचा आहे म्हणून कच्चा चालेल, असे ते कुठे म्हणाले नाहीत. आणि पगार पूर्ण मागितला, मानधन नाही.

आता नोकरीत असलेल्या गुरुजींचा प्रश्न. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक शिल्लक आहे त्यांनी, मग ते शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेले का असेनात, दोन वर्षांत टीईटी पास व्हावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून हा निकाल निघाला. शिक्षक संघटनांनी ओरड केली. त्यांचे आणि आमचे कधी फार जमलेले नाही. वेतन आयोगाच्या मोर्चात त्यांना कांद्याचा भाव कधी आठवला नाही. तरीही सांगतो, वीस वर्षे शिकवलेल्या बाईंना गोल काळे करायला बसवून त्यांची लायकी ठरवणे आम्हाला पटत नाही. त्या शिकवतात की नाही हे त्यांच्या वर्गात तासभर बसले तर कळते, आणि गावाला तर ते कधीचेच कळलेले असते. दुसरीकडे, आठवड्यातून तीन दिवस येऊन सहा दिवसांच्या सह्या करणारा जो आहे, तो टीईटीला घाबरला म्हणून आमच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. आम्हाला भीती आहे ती वेगळीच. मुदत संपल्यावर जागा मोकळ्या झाल्या आणि त्या भरल्या गेल्या नाहीत, तर दोनशिक्षकी शाळा एकशिक्षकी होतील, एकशिक्षकीला कुलूप लागेल, आणि 'पट कमी' म्हणून ते कुलूप कायमचे होईल.

पुढचे दारही बदलणार आहे, हे ध्यानात असू द्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी असेल. म्हणजे दोन वर्षांचे डी.एड. मावळतीला लागले. चार वर्षांची पदवी वाईट आहे असे नाही. पण ती शहराच्या कॉलेजात मिळणार असेल, तर तालुक्यापर्यंतच जाऊ शकणारी आपली पोरगी तिथपर्यंत पोचेल का? आणि ज्या बापाने या वर्षी जमीन गहाण टाकून पोराला डी.एड.ला घातले, त्याला हे कोणी सांगितले? विद्यालयाच्या माहितीपत्रकात तर ते नसते.

म्हणून ठराव असा असावा असे आम्हाला वाटते. टीईटी रद्द करा असे म्हणू नये. दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या, तिच्यासोबत वर्गातली पारख जोडा, आणि ज्या वर्षी घेणार नाही ते वर्ष उमेदवाराच्या वयातून वजा करा असे म्हणावे. २०१२ ते २०१७ या भरतीबंदीच्या वर्षांत ज्यांचे वय उलटले, त्यांना तेवढ्या वर्षांची सवलत मागावी. ती भीक नाही, सरकारने अडवून धरलेला काळ आहे. शिक्षणसेवक हा प्रकार बंद करून पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मागावा. प्रवेशाच्या जागा येत्या काळातल्या रिक्त पदांच्या हिशोबाने ठरवाव्यात आणि तो हिशोब प्रत्येक विद्यालयाच्या दारावर लावणे सक्तीचे करावे. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या ओळीत, शाळा यावी : शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक लिहिलेले आहेत, तेवढे तरी द्या. एका मास्तराने चार वर्ग, खिचडीचा हिशोब, निवडणुकीच्या याद्या आणि मोबाईलवरची माहिती भरणे हे सगळे करायचे, ही शाळा नव्हे.

सर्वांना नोकरी द्या, असे मात्र या ठरावात नसेल. जितक्यांनी डी.एड. केले तितक्या जागा राज्यात नाहीत आणि होणारही नाहीत. तसे आश्वासन देणारा पुढारी त्या पोराची आणखी पाच वर्षे खाणार आहे. चाळिशीला आलेल्या पोराला हे तोंडावर सांगणे जड जाते, हे आम्हाला माहीत आहे. आमच्याही घरात तसे कागद आहेत. तरी सांगावे लागेल.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर एवढे लिहून आणावे. गावात आणि वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा किती, प्रत्येकीचा पट किती, मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष किती. गावात डी.एड. झालेले किती, कोणत्या साली झाले, आज वय काय, टीईटी पास असल्यास कोणत्या साली, आणि शिक्षणावर घरातून काय विकले किंवा गहाण टाकले. ही माहिती एकट्या गुरुजींकडे मागू नका, त्यांच्यावर नोटीस येईल. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीची सभा बोलवा आणि तिथे रीतसर मागा. समिती कागदावरच असेल, तर तेही लिहून आणा. तालुकाप्रमुखांनी गावांचे कागद गोळा करून बैठकीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पोचवावेत, म्हणजे रात्री बसून बेरीज करता येईल.